पुण्याहून इंदूरला जाताना मूळ गाव शोधायचं असेल, तर चांदवड परतीच्या वाटेवर ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरी पुण्यात, आईवडील इंदुरात, दिवाळीला स्वतःच्या गाडीने घरी जायचंय. आजोबा सांगत की आपण मूळचे चांदवडकडचे, कुलदेवी रेणुका, आणि कुणी पूर्वज होळकरांच्या चाकरीत इंदूरला आले. चांदवड वाटेत लागतंच, तर तिथे अर्धा दिवस थांबून घराण्याची मुळं शोधता येतील का, आणि भेटायचं कुणाला?

थांबा, पण जाताना चांदवडला नको. जाताना नाशिकला थांबा. चांदवड परतीसाठी ठेवा, आणि तेव्हा वडिलांना गाडीत बसवूनच आणा. मी इंदुरात मोडी वाचते, लोकांच्या वंशावळी जुळवून देते, आणि माझ्याकडे येणारी बहुतेक मंडळी आधी गावात जाऊन मग कागदांकडे वळलेली असतात. गावात गेलो, देवीचं दर्शन झालं, रंगमहालापुढे फोटो काढले, दोन-चार म्हाताऱ्यांना आडनाव सांगून पाहिलं, पण कुणाला काही ठाऊक नाही. असणार तरी कसं? दोनशे वर्षांपूर्वी गाव सोडलेल्या माणसाचं नाव तुम्हालाच माहीत नाही, ते गावाने कुठून सांगायचं?

पुणं सोडण्याआधीचं काम एका फोनचं आहे. वडिलांना विचारा, सर्वपित्रीला किंवा आजोबांच्या तिथीला कोणकोणती नावं घेता? रीतसर श्राद्ध होणाऱ्या घरात वडिलांचे वडील, आजोबा, पणजोबा, तशाच त्यांच्या बायका, शिवाय आईकडचे तीन पुरुष अशी नावं घेतली जातात. म्हणजे तुमच्या खापरपणजोबांपर्यंतची साखळी वडिलांच्या तोंडात आहे, फक्त कुणी लिहून घेतलेली नसते. संस्कृत उच्चारात ‘विश्वनाथशर्माणं’ असं काही ऐकू येईल. त्यातलं साधं नाव वेगळं काढा, गोत्र टिपा, आणि घरातलं हाक मारायचं नावही विचारा, कारण बापू, नाना, तात्या हीच नावं जुन्या कागदांत बिनदिक्कत येतात. घरात श्राद्धाचा असा प्रघात नसेल तर देवघरातल्या टाकांचे फोटो मागवा. बऱ्याच घरांत देवांच्या टाकांबरोबर पितरांचेही टाक असतात, आणि कोणता टाक कुणाचा हे घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईलाच माहीत असतं. ती असेपर्यंत विचारून घ्या.

आडनावावर फार विसंबू नका. माळव्यातल्या कितीतरी मराठी घराण्यांची आडनावं हुद्द्यावरून पडली: फडणीस, पोतनीस, दफ्तरदार. दक्षिणेतल्या, म्हणजे महाराष्ट्राकडच्या, जुन्या नोंदींत तेच घराणं वेगळ्या आडनावाने, नाहीतर नुसतं ‘कुळकर्णी’ किंवा ‘जोशी’ म्हणून बसलेलं असतं. ‘कर’ लागलेलं आडनाव बरं, पण तेही पुरेसं नाही. होळकरांचे दिवाण पळशीकर यांचं पळशी हे पारनेर तालुक्यात आहे, तिथली गढी आणि विठ्ठलमंदिर मुद्दाम वाट वाकडी करून बघण्यासारखं आहे. पण महाराष्ट्रात पळशी नावाची गावं एकापेक्षा जास्त आहेत, आणि सगळे पळशीकर काही त्याच पळशीचे नव्हेत. वडगाव-पिंपळगावांची तर गोष्टच सोडा.

‘चांदवडकडचे’ हा शब्दही जपून घ्या. चांदवड हे होळकरांचं मोठं ठाणं होतं. परगण्याचा कारभार तिथून चाले, टांकसाळ होती, अहिल्याबाईंच्या काळातला रंगमहाल अजून उभा आहे. त्यामुळे ‘चांदवडकडचे’ म्हणजे गावचे, की परगण्यातल्या एखाद्या खेड्याचे, की मूळ तिसरीकडचेच पण एका पिढीची नेमणूक चांदवडला म्हणून तेवढं लक्षात राहिलेले, हे तिन्ही शक्य आहे. तिसरा प्रकार वाटतो त्याहून बराच जास्त दिसतो. रेणुकेचंही तसंच. चांदवडच्या डोंगरावर रेणुकामाता आहे हे खरं, पण रेणुका कुलदेवी असलेली अनेक घराणी मूळपीठ म्हणून माहूरकडे बघतात. देवळावरून गाव ठरवायला जाल तर फसाल.

आणखी एक गोष्ट नकाशावर दिसत नाही, पण तिच्यावाचून शोध भरकटतो. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरची लढाई होळकर हरले आणि 6 जानेवारी 1818 च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख त्यांच्या हातून गेला. चांदवड इंग्रजांकडे गेलं, राजधानी इंदूरला आली. म्हणजे तुमच्या घराण्याचे कागद त्या वर्षापासून दोन सरकारांत वाटले गेले. गावाकडची शेती, वतन, इनाम यांच्या नोंदी मुंबई इलाख्याच्या दप्तरात, म्हणजे आजच्या नाशिक जिल्ह्यात. चाकरी, पगार, पेन्शन यांच्या नोंदी होळकर संस्थानच्या दप्तरात, म्हणजे मध्यप्रदेशात. चाकरी अहिल्याबाईंच्या काळची म्हणत असाल, तर कारभार इंदुरात नव्हताच, महेश्वरला होता. लोक इंदूरच्या राजवाड्याचं नाव घेऊन ‘आमचे कागद 1984 च्या आगीत गेले’ म्हणतात तेव्हा मी आधी विचारते, ते तिथे होते कशावरून? राजवाडा त्याआधीही जळला होता, 1801 मध्ये सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटलं तेव्हा. आगीच्या नावावर पुष्कळ आळस खपून जातो.

आता प्रवास. पुण्याहून पहाटे पाचच्या आत निघा, नाहीतर चाकणलाच सकाळ जाईल. राजगुरुनगरपासून आत वाफगाव आहे, 1776 मध्ये यशवंतराव होळकर जन्मले तो भुईकोट तिथे आहे. पण तुमच्या शोधाशी त्याचा संबंध नाही, तेव्हा या फेरीत नको. दहा-साडेदहापर्यंत नाशिक.

नाशिकला थांबायचं ते तीर्थोपाध्यायांच्या वह्यांसाठी. पंचवटीत आणि तिकडे त्र्यंबकेश्वरलाही, प्रत्येक गावाचे, जातीचे, आडनावाचे उपाध्ये ठरलेले आहेत. सकाळी गुरुजी रामकुंडावर विधीत गुंतलेले असतात, म्हणून चौकशी सकाळी करा आणि वही बघायला दुपारी त्यांच्या घरी जा. रामकुंडावर कुणालाही ‘चांदवड परगण्यातले, अमुक जात, अमुक आडनाव, आमचे उपाध्ये कोण?’ एवढं विचारलंत की दोन-तीन जणांकडून होत होत योग्य घराचा पत्ता लागतो. इथेच वर सांगितलेली नावं कामाला येतात. नुसत्या आडनावावर गुरुजी वही उघडतील, पण त्या आडनावाची पन्नास कुटुंबं निघाली तर तुमचं कुठलं हे ओळखायला पणजोबांचं नाव हाताशी पाहिजे.

वहीतली नोंद कशी असते ते सांगते, म्हणजे काय बघायचं ते कळेल. यात्रेला आलेल्या माणसाने ती स्वतःच्या हाताने, नाहीतर कारकुनाकडून लिहवून सही-निशाणी करून दिलेली असते. आधी तिथी आणि शक. मग आलेल्याचं नाव, बापाचं, आजाचं, कधी पणजाचंही. भाऊ, चुलते, मुलगे. सोबत कोण आलं, आई, बायको, विधवा आत्या. कशासाठी आले, अस्थी घेऊन, नारायणनागबळीला की काशीहून परतताना. आणि शेवटी, आमच्या वंशातला जो कोणी येईल त्याने यांनाच उपाध्ये मानावं, अशा अर्थाची ओळ. उपाध्यायांच्या दृष्टीने वहीचं सगळं मोल त्या शेवटच्या ओळीत, कारण तो त्यांच्या हक्काचा पुरावा. तुमच्या दृष्टीने मोल एका छोट्या शब्दात आहे: ‘साकिन’. ‘साकिन अमुक, हल्ली मुक्काम इंदूर’ असं दिसलं की ते ‘अमुक’ म्हणजेच तुम्ही शोधताय ते गाव. नातू-पणतू आले तोवर साकिन गळून नुसतं ‘राहणार इंदूर’ झालेलं असतं, म्हणून सर्वांत अलीकडच्या नोंदीवर समाधान मानू नका. मागे जा, मागे जाता येईल तितकं जा.

विसाव्या शतकातल्या नोंदी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, मिळतील. त्याआधीच्या मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं न थांबता लिहीत गेलेली, शब्दांत जागा सोडलेली नाही. तेव्हा तिथे बसून वाचायचा अट्टहास करू नका. गुरुजी स्वतः वाचून दाखवतील तेवढं ऐका, परवानगी घेऊन पानाचा सपाट, सावली न पडलेला फोटो घ्या, आधीचं आणि नंतरचंही पान घ्या. एकाच यात्रेला भावकी मिळून आलेली असेल तर शेजारच्या पानावर चुलत घराणं सापडतं, आणि गावाचं नाव तुमच्या पानावर नसलं तरी त्यांच्यावर असतं.

दक्षिणा द्या, मोकळ्या हाताने द्या. या वह्या त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पावसापाण्यातून, वाळवीतून सांभाळल्या आहेत. पण ‘विधी केल्याशिवाय वही उघडत नाही’ असं कुणी म्हटलं तर नम्रपणे विचारा की आज फक्त वहीत नोंद लिहायचीय, चालेल का? बहुतेक ठिकाणी चालतं. आणि तुमची नोंद लिहाच. त्यात बायकोचं माहेरचं नाव, मुलींची नावं, पुण्याचा आणि इंदूरचा पत्ता, सगळं येऊ द्या. जुन्या वह्यांत मुली जवळजवळ नसतातच. आपण नव्याने लिहिताना तीच तऱ्हा चालवायचं काही कारण नाही.

नाशिकला मुक्काम करा. उगाच त्याच दिवशी इंदूर गाठायचं म्हणून रात्री घाटात शिरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालात तर चांदवड तासा-सव्वातासात येईल. देवीला हात जोडून पुढे व्हा. मालेगाव, मग धुळे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि 1927 मध्ये हे मंडळ उभं राहिलं. खानदेशातले, आसपासचे पुष्कळ मोडी कागद तिथे आहेत. पण या फेरीत तिथे फक्त चौकशी करा, वेळा विचारा, सुट्ट्या विचारा. कुठल्या गावाचे, कुठल्या वर्षांचे कागद हवेत हे सांगता येत नसताना संग्रहात शिरून हाती काही लागत नाही. पुढे शिरपूरजवळ तापी, पळासनेरनंतर हद्द, सेंधव्याआधी बिजासनचा घाट, खलघाटला नर्मदा, धामनोद, मानपूर, महू, राऊ. दुपारी उशिरा का होईना, घरी.

घरी पोचल्यावर फराळ चालू असतानाच ट्रंक काढा. दिवाळीची साफसफाई आधीच झाली असेल तर रद्दीत काय गेलं हेही विचारून ठेवा. इंदूरच्या घरांत जे मिळतं त्यात जन्मपत्रिका सर्वांत उपयोगी. तिच्यात बापाचं-आजाचं नाव असतं आणि जन्मगाव असतं, आणि खोटं लिहायचं कुणाला काही कारण नसतं. मग लग्नाच्या याद्या, पेन्शनचे हुकूम, शाळेचे दाखले, घराच्या खरेदीखताच्या नकला. माळव्यातल्या कागदांत ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा. दक्षिणेकडच्या कागदांत याच जागी ‘बिन’ आणि ‘कोम’ येतं. एखाद्या कागदावर बिन-कोम दिसलं तर तो बहुधा दक्षिणेतून आलेला कागद आहे असं समजून आधी वेगळा ठेवा.

तारखांनी घाबरून जाऊ नका. शक असेल तर 78 मिळवा, विक्रम संवत असेल तर 57 वजा करा, एखाद्या वर्षाचा फरक पडेल. डोकं खाते ती अरबी शब्दांतली साल. ‘सन सबा अशर मयातैन व अलफ’ असं काही दिसेल. वाचायची पद्धत लहानाकडून मोठ्याकडे: सबा सात, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार, म्हणजे 1217. हे साल मृग लागला की बदलतं, म्हणून जूननंतरच्या महिन्यांसाठी 599 आणि जानेवारीनंतरच्यांसाठी 600 मिळवायचे. 1816-17 आलं. म्हणजे मंदसोरच्या तहाच्या अगदी तोंडावरचा कागद. असा कागद घरात निघाला तर त्याला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. लॅमिनेट केलेला हातकागद परत सुटा करणं जवळजवळ अशक्य असतं. फोटो घ्या, कापडात गुंडाळा, आणि मोडी जाणणाऱ्या कुणाकडे दाखवा.

नाशिकला वही सापडलीच नाही तर इंदुरात असताना एक दिवस उज्जैनचा काढा. जेमतेम पंचावन्न किलोमीटर. रामघाटावर आणि सिद्धवटाला पंड्यांच्या वह्या आहेत, आणि इंदूरला स्थायिक झाल्यावरच्या पिढ्या नाशिकला पुन्हा गेल्या नसल्या तरी उज्जैनला गेलेल्या असतात. तिथल्या पहिल्या नोंदीत कधीकधी मूळ गाव लिहिलेलं सापडतं. डीएनए चाचणीबद्दल तुम्ही विचारलंय. त्यातून गाव कळत नाही, पैसे वाचवा.

परतीला वडील सोबत हवेत हे मी का म्हणते? चांदवडला किंवा परगण्यातल्या त्या खेड्यात पुण्याची गाडी येऊन थांबली, त्यातून तरुण माणूस उतरला आणि ‘इथे आमची जमीन होती का हो?’ म्हणून विचारू लागला, की गावाचे चेहरे बंद होतात. वारसहक्काचे दावे गावांनी पाहिलेत. त्याउलट पांढऱ्या केसांचे गृहस्थ देवळात नारळ फोडतात, गुरवाशी बोलत बसतात, ‘आमचे आजोबा सांगायचे इथलं’ म्हणतात, तेव्हा पाचव्या मिनिटाला कुणीतरी चहा सांगतं. जमिनीचा विषय आपण होऊन काढूच नका. विचारायचं ते देवळाबद्दल, पडक्या वाड्याबद्दल, जुन्या कुळकर्ण्यांचं घर कुठे होतं त्याबद्दल. गुरव, जुने शिक्षक, निवृत्त तलाठी, सोनार यांना गावचा इतिहास ठाऊक असतो. सरपंच नंतर.

तहसील कचेरीचं काम मात्र सुट्टीत होत नाही. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज या दिवशी कचेरी बंद, म्हणून परतीचा दिवस भाऊबीजेनंतरचा कामाचा वार बघून ठरवा. इंदूरहून पहाटे निघाल तरी चांदवड साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी पोचणं कठीण. आदल्या दिवशी निघून धुळ्यात मुक्काम करा, म्हणजे राजवाडे मंडळातही या वेळी नावं आणि सालं हातात घेऊन जाता येईल. परतताना मानपूरहून धामनोदकडे घाटाचा उतार आहे, इथला जुना गणपती घाट ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बदनाम होता. खालच्या गिअरमध्ये उतरा, ट्रकच्या पुढे घुसायची घाई नको, वडील मागे बसले असतील तर त्यांनाही पट्टा लावा.

तहसीलच्या अभिलेख कक्षात तोंडी विचारून काही मिळत नाही. अर्ज लागतो, गावाचं नाव आणि मागणी नेमकी लागते. जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदी, त्यांतल्या वारस नोंदी, इनाम आणि वतनाच्या नोंदवह्या, आणि गाव नमुना 14, म्हणजे कोतवालाने ठेवलेली जन्म-मृत्यूची नोंद, एवढं मागा. 2023 पासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभर ही जुनी दप्तरं उघडली गेली, मोडी वाचणारे बसवले गेले. त्याचा तुम्हाला आयता फायदा असा की बांधून पडलेली बाडं निदान कुठे आहेत हे आता कचेरीत कुणाला तरी ठाऊक असतं. कुळकर्णी वतनं 1951 मध्ये संपली, तोपर्यंत गावात एखादी भावकी टिकून असेल तर तिची नावं तिथे मिळतील. पूर्वज 1818 च्या आधीच सगळं विकून-सोडून निघाले असतील, तर मात्र या कचेरीत तुमच्या नावाचं काही नसेल, आणि तेव्हा तुमचा धागा नाशिकची वही आणि होळकरांचं दप्तर हाच.

नक्कल त्याच दिवशी हातात पडेल असं धरू नका. अर्जावर पुण्याचा पत्ता आणि चालू मोबाइल नंबर द्या, पोच घ्या, आणि गुरवाकडेही वडिलांचा नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवून या.